अर्धा राहिलेला ढावलो

आसेगाव,
११ डिसेंबर १९५५

चिरंजीव मोतीस प्रेमसिंग मास्तरचे, म्हणजे तुझ्या भियाचे, पोटभर आशीर्वाद.

तुझं कार्ड मिळालं. पुढल्या वेळी पाकीट पाठव. कार्ड उघडं असतं, माझ्या हातात पडेपर्यंत दहा जणांचं वाचून झालेलं असतं. मग रस्त्यात माणसं मलाच सांगतात की मास्तर, तुमच्या बहिणीला सर्दी झाली आहे.

आता तुझ्या पराक्रमाची बातमी. मानोऱ्याच्या बाजारात एका हॉटेलवाल्याने फोनो घेतला आहे आणि त्यावर सकाळपासून तुझी 'देवरा, ओढणी सोड' फिरत असते. आपल्या तांड्यातली होळीची लेंगी, आपण धुळीत नाचून म्हणायचो ती, आता टेबल-खुर्चीवर बसून लोक ऐकतात. मधे तू हसतेस ना, तिथे सगळे कप खाली ठेवतात. एका म्हाताऱ्याने तेवढ्या हसण्यासाठी चार वेळा सुई मागे नेऊन ठेवायला लावली. मी बाहेरच उभा राहिलो. आत गेलो असतो तर 'ही माझी बहीण' असं म्हणावं लागलं असतं, आणि त्या हसण्यानंतर ते म्हणायला माझी जीभ वळली नाही. शाळेत गणिताच्या तासाला दोन पोरी तुझ्यासारख्या हसल्या. त्यांना उभं केलं आणि फळ्याकडे तोंड करून स्वतःही हसलो.

याडीलाही नेलं होतं ऐकायला. पोटची पोरगी भोंग्यातून गाते म्हटल्यावर ती भोंग्यासमोरच मांडी घालून बसली. गाणं संपलं. मी विचारलं, कसं वाटलं. तर म्हणाली, "गाते चांगली. पन ते हासून नाई राह्यली, ते भेली हाये. लहानपनी इंचू दिसला का अशीच हासे." हॉटेलात सगळे तिच्यावर हसले. मीही हसलो.

तांड्यातला लखीराम मुंबईहून परत आला. म्हणाला, मोतीच्या कपाळाला पट्टी होती. काय झालं ते कळव.

आणखी एक. पोहरादेवीच्या रामनवमीच्या जत्रेत तुझा कार्यक्रम ठेवायचा असं जत्रेच्या मंडळींनी ठरवलं आहे. त्यांच्यातला भाऊसिंग मला दोनदा भेटून गेला. मला स्वतःला हे फारसं पसंत नाही. आठ वर्षांपूर्वी काकांबरोबर बांधकामावर विटा वाहायला गेलेली पोरगी आता मोटारीतून येऊन गाणार, याचा आनंद आहे. पण गर्दी मोठी असते आणि मला गर्दीचं भेव आहे. तू ठरव. हिरीसाठी स्थळ पाहतो आहे. तुझी भाची आता तुझ्या खांद्याला लागेल.

तुझा,
प्रेमसिंग


मुंबई,
४ जानेवारी १९५६

भियाच्या पायांवर डोकं ठेवून मोती लिहिते,

पाकीट पाठवते आहे, बघ. कपाळाचं काही नाही. खोलीचं दार बुटकं आहे, घाईत लागलं. लखीराम पहिल्यापासूनच राईचा पर्वत करणारा.

याडी म्हणाली त्यावर तुम्ही हसलात, पण मी ते वाचून पत्र खाली ठेवलं. तिला कसं कळलं? आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही, तुला सांगते. पहिल्यांदा तबकडी भरायला कंपनीने मला एका कोंदट खोलीत उभं केलं, दार लावलं, भिंतीवर लाल दिवा लागला. कुणी बोलायचं नाही, खोकायचं नाही. दुसऱ्या कडव्यात पुढचे शब्दच आठवेनात आणि मी हसले. भ्याले म्हणून हसले. मला वाटलं, आता हाकलतील. तर कंपनीचे गोपीचंद शेठ धावत आत आले आणि म्हणाले, हेच ठेवायचं.

तेव्हापासून मी तीच भीती विकते आहे. चार तबकड्या काढल्या, चारींत हसायला लावलं. आता ते हसू येत नाही, आणावं लागतं. मी एखादं वेगळं गाणं सुरू केलं की मागून ओरड सुरू होते, "हास, मोती, हास." आधी एक जण ओरडतो, मग सगळे. मी 'मिस मोती' म्हणून बाहेर येते आणि ते माझ्या तोंडाकडे बघत बसतात, गाण्याकडे कुणाचं लक्ष नसतं. भिया, मला दुसरं काहीतरी गायचं आहे. नाहीतर एक दिवस तोंड उघडेन आणि नुसता वारा निघेल, याची मला रोज धास्ती वाटते.

पोहरादेवीला मी येते. तिथे मला ढावलो म्हणायचा आहे. तांड्यातली नवरी निघताना रडत म्हणते तो. आजी म्हणायची तो, विस्तवाचा. पहिली ओळ मला आठवते, 'याडी, चुलीतला विस्तव झाकून ठेव, मी येईन फुंकायला.' पुढचं आठवत नाही. याडीकडून उतरवून पाठव. तू शिकलेला आहेस, तुला समजेल.

मोती


आसेगाव,
२ फेब्रुवारी १९५६

चि. मोतीस आशीर्वाद.

मी शिकलेला आहे म्हणून मला समजेल असं तू लिहितेस. मला काहीएक समजलं नाही.

ढावलो बाजारात म्हणायचा? मोती, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना? लेंगी होळीची, ती कुठेही म्हणावी. ढावलो नवरीचा. लग्नाआधी म्हाताऱ्या बाया पोरीला घेऊन बसतात, एकेक ओळ शिकवतात. मग निघायच्या दिवशी ती आईच्या, मावशीच्या, मैत्रिणीच्या गळ्यात पडून तो म्हणते. त्याला समोर गळा लागतो. तुझ्यासमोर लोखंडी भोंगा असेल आणि खाली काकड्या खात बसलेले लोक असतील. शिवाय तुझं लग्न झालेलं नाही. बिनलग्नाच्या पोरीने उघड्यावर ढावलो म्हटला तर घरात नवरी टिकत नाही असं आपल्याकडे मानतात. मी मास्तर आहे, मी असल्या गोष्टी मानत नाही असं शाळेत सांगतो. पण हिरीचं लग्न ठरलं आहे, मुलगा उमरीच्या तांड्यातला, वैशाखात आखजीच्या सणानंतर दोन दिवसांनी. आणि आता मला हे मानावंसं वाटतं, त्याला काय करू?

मी तांड्याच्या म्होरक्यांना, हेमला नाईकांना, सहज विचारावं म्हणून विचारलं. तुझं नाव घेतलं नाही, पण ते काय दूधखुळे आहेत? म्हणाले, "मास्तर, तुमच्या बहिनीले सांगजा, ढावलो जत्रेत म्हटला तर तिले तांड्यात पाय ठेवता येनार नाई. आन् तुमच्या घरच्या लग्नाले पंच येनार नाई." पंच आले नाहीत तर लग्न कसलं? उमरीवाले त्याच दिवशी माघारी जातील.

याडीला विचारलंच नाही. तिला विचारलं असतं तर तिने शब्द सांगितले असते, हे मला पक्कं माहीत आहे. म्हणून विचारलं नाही. तेव्हा शब्द पाठवत नाही. ये, तुझी ओढणीची लेंगी म्हण, लोकांना हवं तेवढं हस, आणि सुखरूप जा. माझ्यासाठी नाही, हिरीसाठी.

प्रेमसिंग


मुंबई,
१५ मार्च १९५६

भियास नमस्कार.

तुझं पत्र किती वेळा वाचलं ते सांगत नाही. उत्तराला दीड महिना लावला, कारण उत्तर काय द्यावं हे मला ठरवता येत नव्हतं. आता खरं ते लिहिते.

माझं कपाळ दाराला लागलं नव्हतं. दिवाळीत खानदेशात एका गावी कार्यक्रम होता. मी ठरवून गेले होते की आज हसायचं नाही. लेंगी म्हटली, त्या जागेवर आले आणि न हसता पुढे गेले. लोक आधी गप्प झाले. एवढी माणसं, आणि लहान पोराचं रडणंसुद्धा ऐकू येईना. मला वाटलं, ऐकतायत. मग एकदम सगळे उठले आणि धावत आले. पहिला दगड तबलजीला लागला, दुसरा मला. आम्हाला मागच्या कनातीतून काढलं. मोटारीच्या काचेवर लोक हात आपटत होते आणि ओरडत होते, "हास की, हास की."

तेव्हापासून लोक गप्प झाले की मी आधी मागची वाट शोधते. ओरडणारे परवडले. आता मी प्रत्येक ठिकाणी हसते, वेळेवर हसते, दोनदा हसते. गोपीचंद शेठ म्हणतात, "मोती आता तयार झाली." मी मात्र आरशात बघायचं सोडलं आहे.

भिया, हिरीचं काही वाईट व्हावं असं मी मनातसुद्धा आणणार नाही. म्हणून असं ठरवलं आहे. मी तांड्यात येणार नाही. कंपनीच्या मोटारीने थेट पोहरादेवीला येईन, देवीला नारळ देईन, गाईन आणि तशीच परत जाईन. तुझ्या दारात पाय ठेवणार नाही, म्हणजे तुझ्यावर बोल येणार नाही. नाईकांना सांग, मोतीशी माझा संबंध नाही. मी राग धरणार नाही.

पण ढावलो म्हणेन. आठवतं तेवढाच. गळा नाही म्हणतोस, तर माइकचा दांडा धरेन. आपल्या माणसांसमोर एकदा खरं गाऊन बघते. तिथेही दगड आला तर मला कळेल की मी फक्त त्या हसण्यापुरतीच आहे, आणि मग गोपीचंद शेठ म्हणतील तसं आयुष्यभर हसत बसेन.

मला फार भीती वाटते आहे. तू गर्दीत असशील ना? समोर बसू नको. तुला पाहिलं तर मला रडू येईल.

मोती


मुंबई,
२१ एप्रिल १९५६

भिया,

मी पोचले. घाईत लिहिते आहे, अक्षर लावून घे.

तू तिथे होतास की नव्हतास, मला दिसलं नाही. चार बैलगाड्या जोडून वर फळ्या टाकल्या होत्या, आणि चारचं ऊन थेट डोळ्यांत येत होतं. पहिली लेंगी म्हटली. हसले. पोरांनी टोप्या उडवल्या. मग म्हटलं, आता. दांडा दोन्ही हातांनी धरला, डोळे मिटले आणि विस्तवाची ओळ म्हटली. मागून दोघं-तिघं ओरडले, "हास, मोती." मी दुसऱ्यांदा तीच ओळ म्हटली, कारण पुढची येतच नव्हती.

मग सगळे गप्प झाले, भिया. खानदेशात झाले होते अगदी तसे. मी डोळे उघडले. डावीकडून, बायका बसल्या होत्या तिथून, सगळ्या एकदम उठल्या आणि गाड्यांकडे धावत सुटल्या. दोन्ही हात वर, कोपरांपर्यंतच्या पांढऱ्या बांगड्या उन्हात चमकत होत्या, तोंडं उघडी, काय ओरडत होत्या ते कळत नव्हतं. पुरुषांनी मारलं असतं तर एक वेळ सोसलं असतं. आपल्याच बाया, आपल्याच घागऱ्यांतल्या.

आणि सगळ्यांत पुढे याडी होती. आठ वर्षांनी मी तिला पाहिलं ते असं, माझ्या अंगावर हात उगारून येताना. ते पाहिलं आणि मी मागून उडी मारली. मोटार चालू होतीच, गोपीचंद शेठ सावध माणूस आहेत. कारंजा गावाच्या पुढे जाईपर्यंत मी मागे वळून पाहिलं नाही.

तू सांगितलं होतंस, मी ऐकलं नाही. माझं चुकलं. हिरीच्या लग्नात काही कमी-जास्त झालं तर माझ्या वाट्याला येऊ दे, तिच्या नको. याडीला सांग, यापुढे मी ढावलो तोंडातसुद्धा आणणार नाही. पुढल्या आठवड्यात नवी तबकडी भरायची आहे. चार वेळा हसायचं आहे, लिहूनच दिलं आहे.

मोती


आसेगाव,
२२ एप्रिल १९५६

मोतीस,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसतंच सुरू करतो.

तू पळालीस. हजारो लोकांच्या देखत, याडी समोर दिसत असताना पळालीस. ती गाडीच्या चाकाशी पडली, गुडघा फुटला आहे, बाजेवर आहे. मी तिला पाठीवर घेऊन बाहेर आणलं तेव्हा तुझ्या मोटारीची धूळ अजून खाली बसली नव्हती. याडी वाटेत एकच विचारत होती, "काहून गेली व ते? काहून गेली?" मी काय सांगणार?

आम्ही एवढे परके झालो का, की हात लावू दिला नाहीस? रेशमी लुगड्याला धूळ लागली असती, एवढंच ना? बायका तेच म्हणतात. तांडाभर तेच चाललं आहे.

हेमला नाईकांनी परवा पंचांची बैठक बोलावली आहे. हिरी दोन दिवस जेवलेली नाही. तू आता काही लिहू नकोस. मीही लिहिणार नाही.

प्रेमसिंग


आसेगाव,
३० एप्रिल १९५६

माझ्या मोतीस,

लिहिणार नाही असं लिहिलं होतं. आता लिहितो आहे, आणि काल तुझं २१ तारखेचं पत्र हातात पडल्यापासून मला जेवण गेलेलं नाही. आपली पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. माझं ते पत्र तू वाचलं असशील आणि तुला काय वाटलं असेल, हेच डोक्यात फिरतं आहे. ते फाडून टाक. चुलीत घाल.

मोती, त्या तुला मारायला येत नव्हत्या.

तुला हे कसं माहीत नाही, असं मी आधी चिडून म्हटलं. मग रात्रभर विचार केल्यावर लक्षात आलं, तुला कुणी सांगितलंच नाही. ही गोष्ट लग्नाआधी म्हाताऱ्या बाया पोरीला शिकवतात, तुझं लग्न झालं नाही, तू सतरा-अठराव्या वर्षी विटा वाहायला गेलीस. मी तुला लिहिलं की ढावलोला गळा लागतो. अर्धंच लिहिलं. मास्तर असून अर्धंच शिकवलं. पुढचं असं आहे, की कुणी पोरगी ढावलो म्हणायला लागली आणि तिच्यासमोर गळा नसेल, तर ऐकणाऱ्या बाईने बसून राहायचं नसतं. हातातलं टाकून धावायचं, हात वर करून ओरडायचं की मी आले, मी आले, आणि तिला मिठीत घेऊन पुढची ओळ आपण म्हणायची. एकटीला रडू दिलं तर ते पाप सगळ्या तांड्याला लागतं. नवरी कुठली, कुणाची, हे कुणी विचारत नाही.

तू तीच ओळ दोनदा म्हटलीस ना? बायकांना वाटलं, पोरीला कुणी उत्तर देत नाही म्हणून ती पुन्हा हाक मारते आहे. मी पुरुषांकडच्या बाजूला खांबाला धरून उभा होतो, दगड कुठून येतो ते बघत. माझे डोळे पोरांच्या हातांवर होते. आणि एकदम बायकांची बाजू उठली. मलाही क्षणभर धस्स झालं, खोटं कशाला सांगू? मग याडीचा आवाज आला आणि मला कळलं. तुला भोंग्याच्या खरखरीत तो ऐकू आला नसेल. ती ओरडत होती, "थांब व माय, मी आली, मी आली." पासष्ट वर्षांची बाई, एवढी कधी धावलेली मी पाहिली नाही.

पंचांचं काय झालं तेही ऐक. बैठक बसली. नाईकांनी घसा साफ केला आणि म्हणाले, बिनलग्नाच्या पोरीनं जत्रेत ढावलो म्हटला, याचा दंड काय? तेवढ्यात त्यांच्या घरच्या प्रयागबाई दारातून म्हणाल्या, "दंड सांगाच. पन याडीच्या मागं मीच धावली होती, त मलेबी सांगा." नाईकांनी पुन्हा घसा साफ केला. शेवटी ठरलं ते असं, की ढावलो सुरू झाला आणि उत्तर मिळालं नाही, तो अर्धा राहिला, हाच खरा अपशकुन आहे, आणि तो निवारल्याशिवाय हिरीच्या लग्नाला हळद लावायची नाही. म्हणजे आता गाऊ नको असं म्हणणारे तेच पंच, पुरा कर म्हणून अडून बसले आहेत. लग्न तुझ्यापाशी येऊन थांबलं आहे.

याडीला काल तुझं पत्र वाचून दाखवलं. 'हात उगारून' इथे मी अडखळलो. तिने पुन्हा वाचायला लावलं. मग आपल्या हातांकडे बघत बसली. म्हणाली, "तिनं मले पायलं आन् तिले वाटलं का मी मारतो?" संध्याकाळी मला जवळ बोलावलं आणि म्हणाली, लिही. म्हणून तिच्या तोंडचं लिहितो. आपली बोली मला कागदावर उतरवता येत नाही, ओळ मराठीत लिहिली आहे:

'विस्तव झाकला आहे बाई, राख मी रोज चाळते. फुंकर तुझीच लागेल.'

हे विस्तवाच्या ओळीचं उत्तर. यापुढे आणखी सात आहेत, पण याडी म्हणते की ती कागदावर देणार नाही. "गया टपालानं जात नाई," असं म्हणाली. गळ्याला ती अजून गया म्हणते, मी कितीदा सुधारलं तरी.

ये, मोती. तुझ्या भीतीची मी चेष्टा केली, त्याची मला लाज वाटते. त्या हॉटेलात फक्त याडीने तुझं गाणं ऐकलं होतं, आम्ही बाकीचे हसणं ऐकत होतो.

तुझा भिया


मुंबई,
७ मे १९५६

भिया,

तुझं २२ तारखेचं पत्र आलं त्या दिवशी नवी तबकडी भरायची होती. मी उभी राहिले, लाल दिवा लागला, आणि हसण्याच्या जागी मला याडीचा गुडघा दिसला. हसू आलं नाही. सात वेळा केलं, सातही वेळा नाही. शेवटी गोपीचंद शेठनी जुन्या तबकडीवरचं हसू त्यात घालता येईल का, असं यंत्रवाल्याला विचारलं. तो नाही म्हणाला. मला घरी पाठवलं. चार दिवस मी खोलीचं दार आतून लावून बसले होते. खाली कुणी धावलं तरी दचकत होते.

मग तुझं दुसरं पत्र आलं. मी ते उभ्यानेच वाचलं, बसायचं सुचलंच नाही. त्यांच्या हातांत काही नव्हतं, भिया. आता डोळे मिटून बघते तर स्पष्ट दिसतं. सगळ्यांचे हात रिकामे होते. खानदेशात प्रत्येकाच्या हातात काहीतरी होतं. एवढा साधा फरक मला दिसला नाही.

काल शेठना जाऊन सांगितलं की यापुढे ओढणीची लेंगी आधी म्हणेन, लोक त्यासाठी येतात आणि त्यांचं ते देणं आहे. हसू आलं तर हसेन, नाही आलं तर नाही. त्यानंतर एक गाणं माझं. ते म्हणाले, लोक उठून जातील. मी म्हटलं, जातील. ते म्हणाले, दगड मारतील. ती भीती अजून गेलेली नाही आणि जाईल असं वाटतही नाही. शेठ विचार करून सांगणार आहेत. त्यांनी नाही म्हटलं तर पुढे काय, मला माहीत नाही.

बारा तारखेला दुपारच्या मोटारीने मानोऱ्याला उतरते. तिथून तांड्यापर्यंत चालत येईन, कंपनीची मोटार नको. लुगडं सुती नेसेन. हिरीला सांग, जेव. नाईकांना सांग, हळद दळून ठेवा.

आणि याडीला नीट सांग. तिला वाटेल की मी पुन्हा भिईन, म्हणून ती हात पदराखाली घेऊन मुकाट उभी राहील. मी तिला ओळखते. तसं करू देऊ नको. ओढ्याच्या वळणावरून मी विस्तवाची ओळ म्हणेन. माझा आवाज फाटेल, सवयीने कदाचित हसूही येईल. गुडघा बरा नसेल तर तू धर तिला, पण तिला म्हणावं, जत्रेत आली होतीस तशीच ये, ओरडत, दोन्ही हात वर करून.

मी पळणार नाही.

मोती